गाडी धुतली की वाळल्यावर पांढरे ठिपके येतात? पॉलिशवाल्याकडे जायच्या आधी एवढं बघा

मी लातूरचा, गाडी गडद निळी, आणि गेली आठ वर्षं बोअरच्या पाण्यानं घरीच धुतोय. हे ठिपके मी माझ्या गाडीवरून, मेव्हण्याच्या गाडीवरून, समोरच्या काकांच्या गाडीवरून मिळून पंधरा-वीस वेळा तरी काढलेत, त्यातल्या पहिल्या चार-पाच वेळा चुकीच्या पद्धतीनं काढलेत आणि एकदा तर त्या नादात बोनेटच खराब करून घेतलं. पहिल्या वर्षी गाडी धुऊन उभी केली होती तेव्हा समोरचे काका गेटवरूनच म्हणाले होते, "काय हो, गाडी धुऊलालाव का चुना मारूलालाव?" आणि खरंच लांबून तसंच दिसत होतं.

आधी लक्षणं बघून घ्या, कारण सगळे डाग एकाच रोगाचे नसतात आणि लोक सगळ्यांवर एकच औषध लावतात.

ओली असताना गाडी एकदम आरशासारखी, वाळली की बोनेट, टप आणि काचेवर गोल गोल पांढरे ठिपके, कडेला गडद आणि मधे फिकट, जणू प्रत्येक थेंब आपली हद्द आखून गेला. हा खाऱ्या, म्हणजे जड पाण्याचा डाग. कोरड्या फडक्यानं पुसला तर फिकट होतो, ओल्यानं पुसला तर गायब होतो आणि पाच मिनिटांत परत हजर.

ठिपके नाहीत पण सगळीकडे धुरकट पांढरट पट्टे आहेत, वरून खाली ओघळल्यासारखे, तर ते साबण नीट न निघाल्याचं.

ठिपके नाहीत, पट्टे नाहीत, पण उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात, तर तो डाग नाहीच, ते ओरखडे आहेत, आणि ते तुमच्या फडक्यानं पाडलेत.

हात फिरवल्यावर बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, तर थर जुना आहे. आणि ओल्या गाडीवरही ठिपक्याची जागा दिसते, बोटाला खड्डा जाणवतो, तर पाण्यातल्या क्षारांनी वरचा कोट खाल्लाय, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता फुकटापासून सुरू करू.

कधी धुता आणि कुठे धुता

निम्मी केस इथंच मिटते. बोनेटवर तळहात ठेवा, पाच सेकंद आरामात ठेवता आला तर धुवा, चटका बसला तर चहा घेऊन या. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊलाच पत्रा तापतो आणि रविवारी बहुतेक लोक नाश्ता करून दहाला पाईप हातात घेतात. गरम पत्र्यावर पाणी पडलं की पुसायच्या आत उडून जातं आणि पाण्यात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत, ते तिथंच बसतात. शिवाय गरम झाल्यावर कॅल्शियम पाण्यातून जास्तच बाहेर पडतं, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा दगडी थर चढतो ना, तोच प्रकार बोनेटवर छोट्या प्रमाणात होतो.

म्हणून उजाडताना नाहीतर दिवस मावळल्यावर, सावलीत. झाडाची सावली असेल तर वर पक्षी बसतात का ते बघा, नाहीतर धुऊन काही उपयोग नाही. आणि गावाहून आल्या आल्या धुवायची घाई नको, इंजिनानं बोनेट गरम असतंच पण ब्रेकच्या डिस्क त्याहून कितीतरी जास्त गरम असतात, त्यावर एकदम थंड पाणी मारलं तर डिस्क वाकू शकते, मग ब्रेक दाबला की पायाला थरथर जाणवते.

पुसता का वाळवता

बरेच लोक धुतात आणि मग "एक चक्कर मारून आणतो, वाऱ्यानं वाळते" म्हणतात. वाऱ्यानं वाळते म्हणजे पाणी उडतं, क्षार राहतात, वर रस्त्याची धूळ ओल्या गाडीवर चिकटते. पाणी गाडीवर वाळूच द्यायचं नाही, एवढं एक पाळलं तरी चालेल. अख्खी गाडी एकदम साबणानं माखू नका, टप धुतला, पाणी मारलं, मग काचा, मग एक बाजू, असं तुकड्या तुकड्यानं करा आणि शेवटी जाड मायक्रोफायबर टॉवेलनं पुसा. पाचशे-सहाशे जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) मोठा टॉवेल एकदा घेतला की दोन-तीन वर्षं जातो. टॉवेल घासायचा नाही, पसरवून टाकायचा आणि हलक्या हातानं ओढायचा.

पुसून झाल्यावर चारी दारं, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडून कडा पुसा. आरशाच्या खाली आणि दाराच्या हँडलमध्ये पाणी लपून बसतं, तुम्ही आत जाऊन आंघोळ करून येईपर्यंत ते ओघळतं आणि दारावर एक पांढरी रेघ मारून ठेवतं. मी आरशाला दोन-तीन थापा मारतो, लगेच चार-पाच थेंब गळतात. आणि पुसून झाल्यावर चक्कर मारायला हरकत नाही, उलट मारावीच, हळू चालवत तीन-चार वेळा ब्रेक दाबला की डिस्क वाळतात.

पाणी कुठलं आहे

हा मराठवाड्यातला खरा मुद्दा. आपल्याकडं बहुतेक भागात खाली काळा पाषाण आहे, बोअरचं पाणी त्याच्या भेगांमधून येतं आणि तिथं मुरून मुरून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. तुम्हाला पुरावा पाहिजे तर घरचा कूलर बघा. उन्हाळा संपला की कूलरच्या गवतावर आणि जाळीवर जे पांढरं कडक मीठ बसलेलं असतं ते कुठून आलं? तेच गाडीवर येतं.

टेस्ट सोपी आहे. स्टीलचं स्वच्छ ताट घ्या, त्यावर चार ठिकाणी एक-एक चमचा पाणी टाका: नळाचं, बोअरचं, आरओच्या पिण्याच्या नळाचं, आणि आरओमधून जे वाया जातं ते. उन्हात वाळू द्या. मी हे केलं तेव्हा पिण्याच्या पाण्याची जागा शोधावी लागली, बोअरच्या जागी पांढरं वर्तुळ होतं आणि वाया जाणाऱ्या पाण्याच्या जागी तर नखानं खरवडून निघेल असा थर. आणि गंमत म्हणजे मी दोन वर्षं तेच आरओचं वाया जाणारं पाणी ड्रममध्ये जमवून, पाणी वाचवतोय या आनंदात, त्यानंच गाडी धूत होतो! आरओ काय करतं, चांगलं पाणी एका बाजूला काढतं आणि सगळे क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं, म्हणजे ते पाणी मूळ बोअरपेक्षाही जड. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा, पहिला चिखल काढायलाही चालेल, पण शेवटचं पाणी म्हणून अजिबात नको. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच, रोज पाणी उडून उडून त्यात क्षार वाढतच जातात.

टीडीएस, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते मोजणारा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत बरा धरलाय आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे पिता येतं तेवढ्या पाण्यानंही गाडीवर डाग पडू शकतात, हे लक्षात घ्या. माझं बोअर अकराशेच्या आसपास दाखवतं. मीटर फक्त विरघळलेलं एकूण सगळं मोजतो, त्यातलं जडपण किती ते वेगळं सांगत नाही, पण आपल्या कामाला एवढा अंदाज पुरतो.

उपाय म्हणजे अख्खी गाडी चांगल्या पाण्यानं धुवायची गरज नाही, फक्त शेवटचं अर्धी बादली पाणी चांगलं पाहिजे. धुवायचं बोअरनं, शेवटी टपावरून मगानं हळूहळू हलकं पाणी सोडायचं. पावसाळ्यात गच्चीच्या पाईपखाली ड्रम लावा (पहिला पाऊस सोडून द्या, गच्चीची धूळ असते), पावसाच्या पाण्यासारखं हलकं पाणी नाही. एसीच्या पाईपमधून टपकणारं पाणीही हलकंच असतं कारण ते हवेतली वाफ गार होऊन आलेलं असतं, एका बादलीत जमवा आणि फडक्यातून गाळून घ्या. फक्त आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते जेमतेम मगभर जमतं, पावसाळ्यात मात्र भरपूर. अगदी काही नसेल तर पिण्याच्या पाण्याचा अर्धा जार.

घरी वॉटर सॉफ्टनर बसवलाय तरी डाग येतात अशी तक्रार दोघांनी केली. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम टाकतो, टीडीएस तेवढाच राहतो, म्हणून डाग पडतो पण तो ओल्या फडक्यानं सहज निघतो. पुसायचं काम सुटत नाही.

साबण

कपड्याची पावडर नको, भांड्याचं लिक्विड नको. गाडीवरचा वॅक्स, म्हणजे मेणाचा पातळ थर, ते धुऊन नेतात, आणि वॅक्स गेला की पाणी थेंब बनून घसरत नाही, पसरून बसतं, म्हणजे परत डाग. शिवाय जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून माणूस अजून टाकतो, मग तो धुऊन निघत नाही आणि वर सांगितलेले धुरकट पट्टे. कार शॅम्पू घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढंच झाकण मोजून टाका. पट्टे होते ते एवढ्यानंच गेले तर पुढचं वाचायची गरज नाही.

आणि ती चमक यावी म्हणून डिझेलचं फडकं मारायची सवय, ट्रॅक्टरवाल्यांकडून आलेली, ती सोडा. दोन तास चमकते, मग तेलकट अंगावर सगळी धूळ बसते आणि दाराचे रबर फुगतात.

फडकं आणि बादली

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्या उन्हाळ्यात गाडी धुणं म्हणजे पापच होतं. तेव्हा सगळ्यांना एक सवय लागली, सकाळी कोरडं फडकं घेऊन गाडी झटकायची. पाणी आलं पण सवय गेली नाही. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत मुरूम असतो, बारीक खडीची भुकटी असते, ती कोरड्या फडक्याखाली घासली की रोज थोडे थोडे ओरखडे. धूळ असेल तर आधी नुसतं पाणी. पावसाळ्यात शेतातून आल्यावर चाकाच्या कमानीत काळ्या मातीचे गोळे अडकलेले असतात, ते आधी भिजवा, पंधरा मिनिटं मऊ होऊ द्या, मग पाण्यानं पाडा. हातानं ओढून काढायला गेलात की माती रंगाला घासत येते.

दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं शॅम्पूत बुडवायचं, पुसायचं, साध्या पाण्यात झटकून माती काढायची, मग परत शॅम्पूत. एकाच बादलीत केलं तर तुम्ही गाडीची माती गोळा करून परत गाडीलाच लावताय. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दुसऱ्या बादलीच्या तळाला बोटभर रेती होती, ती बघितल्यावर मला माझ्या जुन्या एका बादलीची लाज वाटली. वरून खाली या, चाकं सगळ्यात शेवटी आणि चाकाचं फडकं वेगळं. फडकं खाली पडलं तर ते चाकाचं झालं, झटकून परत टपावर नाही. आणि जुना बनियन, नेसूचं पातळ, टॉवेल, यांची शिवण आणि काठ रंगाला खरवडतात, बनियनला ऑइल पुसायला ठेवा.

पाण्याचं म्हणाल तर दोन बादल्या आणि शेवटची अर्धी, चाळीस लिटरच्या आत काम होतं. पाईप पाच मिनिटं सोडला तरी पन्नास-साठ लिटर सहज जातात.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांना रविवारपर्यंत थांबायचं नाही. ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवून मऊ करायचं आणि उचलून घ्यायचं. माझ्या भाच्यानं एकदा मदत म्हणून कबुतराचा वाळलेला डाग भांड्याच्या हिरव्या घासणीनं काढला. डाग गेला. त्या जागी तळहाताएवढा पांढुरका धब्बा आला आणि तो काढायला मला जे पैसे गेले त्यात दोन वर्षांचा शॅम्पू आला असता.

बसलेले ठिपके काढायला व्हिनेगर

वरचं सगळं नीट केलं की नवीन ठिपके येत नाहीत, पण जुने जातही नाहीत, कारण तो आता चुनखडीचा थर आहे आणि साबणाला चुनखडी विरघळत नाही, आंबटाला विरघळते. किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर, चायनीजच्या गाड्यावर असतो तोच, आणि तेवढंच आरओचं पाणी मिसळा. बोअरचं पाणी मिसळलं तर थोडा आंबटपणा त्यातच संपतो.

आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात हातभर जागेत करून बघा. गाडी धुतलेली, गार, सावलीत. फडकं त्यात भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, हलकं पुसा, लगेच भरपूर पाणी, मग शॅम्पूनं ती जागा परत धुवा. एका वेळी अर्धं बोनेट, जास्त नाही. काचेवरही चालतं, रात्री समोरच्या लाईटमध्ये काच फुटल्यासारखी पांढरी दिसत असेल तर काचेपासूनच सुरू करा. त्यानंतर वॅक्स लावा, कारण व्हिनेगरनं होता नव्हता तो वॅक्सही जातो.

कुठे लावू नका: नवीन रंगवलेला पार्ट, क्रोम, अलॉय व्हील. बाथरूमच्या टाइल्सचं ॲसिड तर बाटलीसुद्धा गाडीजवळ आणू नका, ते रंगाबरोबर पत्र्यालाही खातं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे खाली शहाबादी फरशी असेल तर आधी तिच्यावर पाणी सोडून ओली ठेवा. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, व्हिनेगर त्यालाही तितक्याच प्रेमानं विरघळवतं. माझ्या पोर्चमध्ये मिश्रणाची बादली कलंडली आणि काळ्या फरशीवर नकाशासारखा पांढरट धब्बा पडला, बायको अजून पाहुण्यांना दाखवते, म्हणून मी आता गाडी बरोबर त्याच्यावरच उभी करतो.

क्ले बार

व्हिनेगरनं पांढरं गेलं पण हाताला खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे मातीसारखी मऊ वडी. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा, खरखर दुप्पट जाणवते. भरपूर पातळ शॅम्पूपाणी मारत वडी अलगद सरळ रेषेत फिरवायची, जोर लावायचा नाही, मधून मधून घडी घालून स्वच्छ बाजू वर आणायची. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी, एक खडा तिच्यात रुतला की ती वडी नाही, कानस आहे. नवख्यानं हे एकट्यानं करायला हरकत नाही पण डिकीपासून सुरुवात करा, बोनेटपासून नको.

इथं थांबा

व्हिनेगर दोनदा करूनही ठिपका ओल्या गाडीवर दिसतोय, किंवा नख फिरवल्यावर अडकतंय, तर तो थर नाही, खड्डा आहे. आता घासून काढायचा म्हणजे आजूबाजूचा कोट खाली आणायचा. वरचा पारदर्शक कोट साधारण ४०-५० मायक्रॉन असतो, डोक्याचा केस याहून जाड असतो, म्हणजे चुकायला जागाच नाही. मी इथंच चुकलो होतो, भाड्यानं पॉलिशिंग मशीन आणली, बोनेटच्या कडेला जरा जास्त वेळ धरली आणि कडेचा कोट गेला, शेवटी अख्खं बोनेट रंगवावं लागलं. चांगला डिटेलर (गाडीचं पॉलिश करणारा) आधी मीटर लावून रंगाची जाडी बघतो. मीटर नाही आणि बघताक्षणी "करून देतो साहेब" म्हणाला तर परत या. एखादा पार्ट आधी रंगवलेला असेल तर त्याला स्वतःहून सांगा, आणि गाडीवर सिरॅमिक कोटिंग किंवा फिल्म असेल तर ज्यानं केलीय त्यालाच आधी दाखवा. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाच्या गाडीला पॉलिश नसतंच, तिला घरी शॅम्पू आणि पाण्यापलीकडं काही करू नका.

धुतल्यावर पायाखालची मॅट ओली झाली तर बोनेट उघडून काचेच्या खालच्या जाळीत कडुलिंबाचा पाला अडकलाय का बघा, पाणी जायची भोकं तिथं असतात, पाला काढला की बहुतेक वेळा थांबतं. तरी पाणी आत येतंय तर मेकॅनिक, कारण कार्पेटखालून वायरिंग जातं. हेडलाईटच्या आत पाणी साचून राहिलं तरी तेच. इंजिन घरी पाईपनं धुऊच नका, ओलं फडकं फिरवा फार तर, आणि धुतलंच असेल आणि मीटरवर एखादी लाईट पेटली किंवा गाडी अडखळायला लागली तर परत परत सेल्फ मारत बसू नका, चावी काढा आणि फोन करा.